गावच्या भजनाच्या जुन्या चाली जपायच्या कशा?

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातून आलाय. गावच्या भजनी मंडळात जुन्या चाली येणारी तीन-चार म्हातारी माणसं उरली आहेत. विचारणाऱ्याच्या घरी आजोबांची भजनाची वही आहे, एक डबाभर कॅसेट आहेत. वर्गणी काढली तर थोडे पैसे उभे राहतील. त्यांना हवी असलेली उत्तरं अशी: बुवांना शहरात स्टुडिओत नेऊन रेकॉर्डिंग करावं का, चालींचं नोटेशन (स्वरलेखन) करून घ्यावं का, यूट्यूबवर टाकावं का, आणि बुवा छापील गाथेपेक्षा वेगळे शब्द म्हणतात ते आधी दुरुस्त करून घ्यावेत का.

स्टुडिओचं आधी सांगतो. नेऊ नका. पैसे वाचतील हा फायदा किरकोळ आहे, खरं कारण वेगळं आहे. वारकरी भजन हे एकट्यानं म्हणायचं गाणं नव्हे. एकजण ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी मुख्य ओळ, उचलतो, टाळकरी ते झेलतात, मग तो चरण सोडतो आणि मंडळी पुन्हा ध्रुपदावर येतात. बुवा चरण कुठे सोडतात, टाळकरी तो कुठे धरतात, दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनाला चाल वर कशी चढते, मृदंग ठाय (संथ लय) सोडून दुगणीत (दुप्पट लयीत) कधी जातो, हे सगळं मिळून चाल होते. काचेपलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसवलेल्या बुवांना झेलायला कुणी नसतं. मग ते दोन्ही बाजू स्वतःच म्हणतात, दमतात, आणि चार वेळा घ्यायचं ध्रुपद एकदा घेऊन पुढे सरकतात. स्टुडिओवाला हटकून पेटी आणि तबला पुढे करतो. हाती येतं ते बऱ्यापैकी भक्तिगीत. तुमच्या गावचं भजन त्यात सापडत नाही.

त्यामुळे देवळात, मंडळ जसं बसतं तसंच, समोरासमोर टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मृदंगी आणि विणेकरी आपापल्या जागी, अशा बैठकीत रेकॉर्डिंग करा. टाळकऱ्यांतले दोघे बेसूर असतील, एखादं पोर मध्येच खोकेल, चालू द्या.

आता चाल म्हणजे काय, यावर जरा थांबायला हवं, कारण बहुतेक लोक इथे घसरतात. ते अभंगांची यादी करतात. दीडशे अभंग रेकॉर्ड केले म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं. अभंग तर छापलेले आहेतच. तुकोबांच्या गाथेची सरकारी मदतीनं निघालेली पहिली मोठी आवृत्ती १८६९ ते १८७३ दरम्यानची, १९५०ची सरकारी गाथा साडेचार हजारांवर अभंगांची. शब्द कुठे जाणार नाहीत. धोक्यात आहे ती चाल, आणि चाल एका अभंगाला चिकटलेली नसते. मोठ्या अभंगाचा साचा ठरलेला: तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा. ‘सुंदर तें ध्यान / उभें विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां’ हे बोटावर मोजून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमकही जुळतं. छोटा अभंग आठ-आठ अक्षरांचा, ‘जे का रंजले गांजले’सारखा. साचा पक्का असल्यामुळे एका चालीत शेकडो अभंग बसतात, आणि एकच अभंग सकाळी एका चालीत, रात्री दुसऱ्या चालीत म्हणता येतो. तुमच्या मंडळाचे अभंग शेकड्यात असतील, चाली मात्र बऱ्याच कमी निघतील. त्या चालींची यादी करा. प्रत्येक चाल निदान दोन वेगवेगळ्या अभंगांवर म्हणवून घ्या, म्हणजे चालीचा सांगाडा कुठला आणि त्या अभंगापुरती केलेली मुरड कुठली, हे पुढे ऐकणाऱ्याला ओळखता येईल. ही एक गोष्ट केलीत तरी तुमचं काम बऱ्याच सरकारी प्रकल्पांच्या पुढे जाईल.

महाराष्ट्रात लोकगीतांच्या संकलनाचं काम मोठं झालंय. सरोजिनी बाबरांच्या पुढाकारानं लोकसाहित्य समितीनं खंडामागून खंड काढले. त्या कामाबद्दल मला आदर आहे, पण छापील पानावर आले ते शब्द, आणि ते म्हणायचे कसे हे ती गीतं गाणाऱ्या बायकांबरोबर गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या तेव्हाही सुरुवात लिहून घेण्यानंच झाली. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यातल्या काही ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. आज लाखावर ओव्यांचा तो संग्रह ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आहे. त्यातली लिहिलेली ओवी आधी वाचा आणि मग ध्वनिमुद्रण असलेली एखादी ऐका. दोन्हींतलं अंतर कळलं की तुम्ही काय वाचवायला निघालायत ते वेगळं सांगावं लागणार नाही.

सगळ्या चाली सारख्या धोक्यात नसतात. रोजच्या हरिपाठाची चाल तुमच्या गावात अजून वीस-तीस वर्षं टिकेल, ती शेंबड्या पोरालाही येते. रूपाच्या अभंगांचंही तसंच. वर्षातून एकदाच लागणाऱ्या चाली आधी जातात. काकड्याचं उदाहरण घ्या. आश्विनात सुरू होऊन कार्तिकी एकादशीपर्यंत किंवा पौर्णिमेपर्यंत पहाटे देवळात काकडा चालतो. त्यातली भूपाळी, वासुदेव, आंधळा, पांगुळ, मुका, बहिरा, जोगी, मग गौळणी, यांतल्या कित्येकांना स्वतःची चाल असते आणि ती एरवी वर्षभर कुणी तोंडात घेत नाही. पहाटे साडेचारला देवळात येणारी माणसं कमी झाली की या चाली सगळ्यात आधी विसरल्या जातात. वाराचे अभंग, काल्याचे अभंग, मंडळातला कुणी गेल्यावर म्हटले जाणारे अभंग, हेही त्याच रांगेत. म्हणून कामाचं वेळापत्रक पंचांगाप्रमाणे लावा. श्रावणात बुवांना घरी गाठून ‘काकड्यातला पांगुळ म्हणा’ म्हटलंत तर ते दोन ओळी म्हणून हात झटकतील. कार्तिकात पहाटे देवळात, गार फरशीवर बसल्यावर तोच पांगुळ त्यांना अख्खा आठवेल.

सप्ताहाबद्दलही एक सांगतो. गावोगाव अखंड हरिनाम सप्ताहाचं रेकॉर्डिंग होतं ते रात्रीच्या कीर्तनाचं. बुवा बाहेरचे, गायक त्यांच्याबरोबर आलेले, मृदंगी नावाजलेला, गावकरी टाळ घेऊन मागे उभे. ते रेकॉर्डिंग हवं तर करा, पण त्यात तुमच्या गावचं फारसं काही नसतं. कीर्तन संपतं, मंडप रिकामा होतो, आणि वीणा खाली ठेवायची नाही म्हणून गावची मंडळं आळीपाळीनं जागर करतात, तेव्हा रेकॉर्डर लावा. रात्री दोनच्या पुढे ऐकायला कुणी नसतं, मंडळी स्वतःसाठी म्हणत असतात. अशा वेळी एखादा म्हातारा असा अभंग उचलतो की शेजारचे चार टाळकरीसुद्धा चमकून बघतात. लाउडस्पीकर त्या वेळी बंद ठेवायला सांगा. आयोजक कुरकुर करतील, पण शेजारचे लोक आशीर्वाद देतील.

चाली का गेल्या याचं खापर सगळे मोबाइलवर फोडतात. सुरुवात फार आधी झाली. रेडिओ आणि तबकड्या आल्या, राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्यासारख्या संगीतकारांनी संतांच्या अभंगांना नव्या चाली दिल्या, भीमसेन जोशींच्या आवाजात त्या घरोघर पोचल्या. उत्तम चाली आहेत, मी स्वतः गुणगुणतो. पण त्या एका तयारीच्या गळ्यासाठी बांधलेल्या आहेत, दोन रांगांनी झेलण्यासाठी नव्हेत. ‘तीर्थ विठ्ठल’ मंडळात घेतला की एकजण गातो आणि बाकीचे टाळ धरून बसतात. असं दहा अभंगांचं झालं की झेलायची सवय मोडते, आणि ती मोडली की जुन्या चाली आपोआप निरुपयोगी होतात. दुसरं कारण, पेटी. पेटीचे सूर ठरलेले. पेटी नसलेल्या मंडळात बुवा आपल्या गळ्याला झेपेल तो सूर धरतात, वीणा त्याला मिळवलेली असते, आणि गंधार-निषाद कधी पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागी लागतो. पेटीवाला आला की तो त्या स्वराला अलीकडच्या नाहीतर पलीकडच्या पट्टीवर ओढून नेतो. पाच-सात वर्षांत सगळ्यांच्या गळ्यात तोच बसतो.

तिसऱ्या कारणावर बोलताना वारकरी मंडळी नाराज होतात, तरी बोलतो. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, पुढे तशा अनेक संस्था निघाल्या. तिथे शिकून आलेल्या पोरांनी गावोगावची भजनं जिवंत ठेवली, हे शंभर टक्के खरं. तीच पोरं एकसारख्या चालीही घेऊन आली. आळंदीत शिकलेली चाल ‘शुद्ध सांप्रदायिक’ आणि आज्याची चाल ‘गावठी’, असा भेद नकळत पडतो. तुमच्या मंडळात असा कुणी तरुण असेल तर त्याला विरोधात उभं करू नका, उलट त्यालाच या कामात घ्या. दोन चालींतला फरक त्याच्या कानाला तुमच्याआधी कळेल.

रेकॉर्डिंगचं तंत्र. मोबाइलनं होतं, पण त्याचे दोन दोष माहीत हवेत. एक, आवाज वाढला की फोन पातळी आपोआप खाली ओढतो, त्यामुळे टाळांचा घोळ, म्हणजे सगळ्यांचा एकदम गजर, सुरू झाला की बुवा गायब. दोन, फोन टाळाच्या सततच्या नादाला गोंगाट समजून पुसायला बघतो. हे दोन्ही बंद करता येतील आणि डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता, फाइल साठवेल असं ॲप वापरा. वर्गणीतून दोन माइकचा छोटा हातातला रेकॉर्डर घेता आला तर उत्तम, स्टुडिओचे पैसे तिथे घाला. रेकॉर्डिंगचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. तासाला साधारण १ जीबी जागा लागते, म्हणजे आजच्या हिशेबानं काहीच नाही. एमपी३ नको, आणि मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, तो ती दाबून बारीक करतो. माइक बुवांपासून चार-पाच फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा जरा उंच, आणि टाळकऱ्यांकडे माइकची पाठ. सगळ्यात मोठ्या घोळाला पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी आधी बघून घ्या, कारण काशाच्या टाळाचा ठोका फार टोकदार असतो, एकदा फाटला की नंतर दुरुस्त होत नाही. दुसरा फोन तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) लावून लांबून सगळं मंडळ दिसेल असा व्हिडिओ घ्या. झूम करू नका. टाळ कसा धरलाय, पावली कुठे पडते, कुणी कुणाकडे बघून चरण सोडला, हे त्यातच कळतं.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला माणसाच्या आवाजात बोलून ठेवा: गाव, तारीख, तिथी, निमित्त, बुवा कोण, मृदंगावर कोण, आणि ही चाल बुवांना कुणाकडून मिळाली. शेवटची माहिती सगळे विसरतात आणि तीच सगळ्यात मोलाची. वह्या हरवतात, फाइलींची नावं बदलतात, आवाजात बोललेलं आवाजाबरोबर राहतं. मृदंग्याला वेगळं बसवून ठेक्याचे बोल तोंडानं म्हणवून घ्या. तुमच्याकडचा आठ मात्रांचा भजनी ठेका आणि शेजारच्या गावचा, वजनाला सारखे नसतील.

बुवांशी बोलताना ‘जुनी चाल म्हणा’ असं म्हणू नका. जुनी म्हणजे कुठली, हे त्यांना कसं कळणार? त्यांच्यासाठी ती रोजची आहे. ‘तुमच्या बुवांच्या वेळी एकादशीला पहिला अभंग कुठला व्हायचा?’, ‘पायी वारीत दिंडीत पाऊस आला की काय म्हणायचे?’, ‘अमक्याचा आवाज वर जायचा नाही तेव्हा कुठली चाल घ्यायचे?’ असे प्रश्न विचारा. आणि हातात टाळ द्या. रिकाम्या हातानं बसलेल्या टाळकऱ्याला निम्मं आठवत नाही.

आजोबांची वही म्हणजे घबाड आहे. कीर्तनकारांच्या हस्तलिखित वह्यांना जुनी माणसं बाड म्हणायची. तशीच ही. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, पुठ्ठ्यासकट, रिकाम्या पानांसकट, दिवसा उजेडात फोटो काढा. मधली पानं ‘कामाची नाहीत’ म्हणून सोडू नका. वाण्याचा हिशेब, वारीच्या खर्चाची टिपणं यांतून साल कळतं. अभंगाच्या डोक्यावर ‘चाल –’ असं लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याची ओळ लिहिलेली असेल. तेव्हाची ही सर्रास पद्धत, नाट्यपदांच्या पुस्तकांतही तशीच. ती ओळ म्हणजे चालीचा पत्ता. ते मूळ गाणं येणारं माणूस शोधा. एखादी म्हातारी आत्या किंवा तमाशाच्या फडात राहिलेला कुणी ते पहिल्या फटक्यात म्हणून दाखवेल. वहीत ‘इंद्रायणी काठी’ असेल तर ‘हा संतांचा अभंग नाही’ म्हणून नाक मुरडू नका. ते गदिमांनी लिहिलंय, पुलंनी चाल लावलीय, आणि १९५३च्या ‘गुळाचा गणपती’ चित्रपटातलं आहे. शेकडो मंडळं ते अभंग समजून म्हणतात, आणि तुम्हाला त्याचा उपयोग असा की ते पान १९५३नंतरचं, हे पक्कं झालं.

कॅसेटचा डबा उन्हात किंवा टीव्हीवर ठेवला असेल तर आजच हलवा. पाठीमागचे प्लॅस्टिकचे दोन छोटे कान मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर काही नवं रेकॉर्ड होणार नाही. पांढरी बुरशी दिसत असेल ती कॅसेट वाजवू नका, जाणकाराकडे द्या, नाहीतर बुरशी प्लेअरच्या हेडवर आणि तिथून बाकीच्यांवर जाईल. बाकीच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, मग वाजवा. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आवाज दबलेला वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून हेडचा कोन जुळवता येतो. हे काम रेडिओ दुरुस्त करणारा जुना माणूस दोन मिनिटांत करतो. प्लेअरमधून तार थेट संगणकात घाला. स्पीकरसमोर मोबाइल धरून केलेली कॉपी ही कॉपी नव्हे. मूळ फाइलवर आवाज स्वच्छ करायचे प्रयोग करू नका, ते दुसऱ्या प्रतीवर करा.

नोटेशन करावं का? करावं, पण शेवटी, आणि त्यावर भरवसा ठेवू नये. भातखंडे पद्धतीनं चालीचा सांगाडा लिहिता येतो: बुवांचा षड्ज कुठला, ध्रुपद कुठून उठतं, चरण कुठे चढतो, सम कुठल्या अक्षरावर. एवढं लिहिलं तर शंभर चालींतून सारख्या चाली शोधायला सोपं जातं. दोन नावांनी ओळखली जाणारी चाल एकच आहे, हे कागदावर चटकन दिसतं. पण मघाशी म्हटलेला पट्ट्यांमधला गंधार, घसीट (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), टाळकऱ्यांचा अर्ध्या मात्रेचा उशीर हे त्यात येत नाही. नोटेशन वाचून चाल शिकलेलं भजनी मंडळ मी अजून पाहिलेलं नाही.

शोध फक्त तुमच्या देवळापुरता ठेवू नका. सातारा, कोकण, घाटमाथ्यावरची हजारो माणसं गिरण्यांत गेली, लालबाग-परळच्या चाळींत त्यांनी गावच्या नावानं भजनी मंडळं चालवली. १९८२च्या संपानंतर बरेच गावी परतले, बरेच तिथेच राहिले. माझा अनुभव असा की गाव सोडून गेलेल्यांकडे चाल कधी कधी जास्त जुन्या रूपात असते, कारण गावात झालेले बदल त्यांच्यापर्यंत पोचलेलेच नसतात. मुंबईकर मंडळाची एक बैठक रेकॉर्ड करून बघा.

गावातल्या गावातही बघा. बायकांना देवळात टाळ मिळायला फार वर्षं लागली, पण काकडा त्यांनी चुलीपुढे बसून पन्नास वर्षं ऐकलाय, आणि कित्येकींना पुरुषांपेक्षा चोख येतो. पूर्वीच्या महारवाड्यात वेगळं भजनी मंडळ असे, चोखोबांचे अभंग त्यांच्या स्वतःच्या चालीत म्हटले जात. १९५६च्या धर्मांतरानंतर अनेक ठिकाणी त्याच टाळ-मृदंगावर, कधी त्याच चालींवर, बुद्धाची आणि बाबासाहेबांची गीतं आली. त्या मंडळाकडे जायचं तर ‘तुमची जुनी विठोबाची भजनं म्हणा’ असा आग्रह धरून जाऊ नका. ते आज जे म्हणतात ते ऐका, त्यांची इच्छा असेल तरच रेकॉर्ड करा. नगर जिल्ह्याकडे पाहुणे असतील तर तिथल्या खेड्यांतल्या चर्चमधलंही ऐका. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती भजनं अभंग-ओवीच्या छंदात लिहिली, आणि छंद तोच असला की चाली एका देवळातून दुसऱ्या देवळात जायला वेळ लागत नाही.

आता यूट्यूब. तुकोबा-नामदेवांचे अभंग कुणाच्या मालकीचे नाहीत. गाणाऱ्याचा मात्र त्याच्या गाण्यावर हक्क असतो, कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हा हक्क ५० वर्षांचा आहे. तेव्हा बुवांची परवानगी घ्या, तीही रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्यांच्याच तोंडून: घरापुरतं, मंडळापुरतं, की जगाला ऐकवायला. काहीजण म्हणतील, काकडा ऐकवा पण मयताचे अभंग नकोत. ते पाळा. संगीतकारांच्या चालीतले अभंग टाकलेत तर रेकॉर्ड कंपनीचा दावा येऊ शकतो, तिथे सावध राहा. जे टाकाल ते अख्खं टाका. अडीच मिनिटांचे तुकडे करून वर बासरीचं पार्श्वसंगीत चढवू नका. आणि यूट्यूब म्हणजे जतन, असं समजू नका. खातं बंद झालं, पासवर्ड विसरला, की संपलं. मूळ फाइलींच्या तीन प्रती ठेवा: एक तुमच्याकडे, एक मंडळाकडे, एक गावाबाहेर. गावाबाहेरची प्रत देण्यासाठी जवळच्या कॉलेजच्या मराठी विभागात किंवा मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत विचारा. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२ साली सुरू झालेलं संगीत-संशोधनाचं अभिलेखागार आहे, तिथे ध्वनिमुद्रणं नीट नोंदी करून ठेवली जातात. कुठेही द्या, पण कोण ऐकू शकेल आणि प्रत परत मिळेल का, हे लिहून घ्या. माझा आग्रह मंडळाच्या प्रतीबद्दल आहे. ती पेनड्राइव्हवर, प्रत्येक चालीची वेगळी फाइल करून, देवळातल्या साउंड सिस्टीमला जोडता येईल अशी द्या. आषाढातल्या रिकाम्या संध्याकाळी चार पोरं ती लावून टाळ घेऊन बसली, आणि बुवांच्या चरणानंतर फाइलमधल्या टाळकऱ्यांबरोबर त्यांनी ध्रुपद झेललं, तर ते रेकॉर्डिंग कामी आलं म्हणायचं. म्हणूनच मंडळासकट रेकॉर्ड करा म्हणतोय. एकट्या बुवांच्या आवाजाबरोबर पोरं काय झेलणार?

राहिला शब्दांचा प्रश्न. दुरुस्त करू नका. गाथेच्या आवृत्त्यांतच एकमेकींशी पाठभेद आहेत, तेव्हा ‘बरोबर’ कुठला हे ठरवायचं ओझं तुम्ही घेऊ नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बुवांच्या तोंडचे सगळेच जादा शब्द चुकून आलेले नसतात. सहा अक्षरांचा चरण आठ मात्रांच्या ठेक्यात बसवायचा तर काही अक्षरं लांबतात, नाहीतर भर घालावी लागते. मग चरणाच्या आधी ‘अहो’, मध्ये ‘देवा’, शेवटी ‘माझे बाई’ येतं. ही भर चालीचा भाग आहे. गाथा समोर ठेवून ती काढायला लावली की बुवा अडखळतात, ठेका मोडतो आणि ते म्हणतात, ‘मग तुम्हीच म्हणा’. एक नवीन वही घ्या, पानाचे दोन भाग करा. डावीकडे बुवा म्हणतात तसं, भर घातलेल्या शब्दांसकट, उजवीकडे छापील पाठ. आवृत्ती कुठली तेही लिहा. एखादा शब्द अगदीच वेगळा असेल तर तो कुणाकडून ऐकला ते विचारा आणि खाली टिपून ठेवा. हे काम श्रावणात घरी बसून करता येईल, त्याला देऊळ लागत नाही. आश्विनाआधी काकड्याच्या अभंगांची वही अशी पुरी झाली, तर पहाटे रेकॉर्डिंग करताना काय राहिलंय ते तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.